दहावर टेप धरणाऱ्या शालनबाई

शालनबाई गेल्या हे मला नगरपालिकेच्या बांधकाम विभागाच्या खिडकीवर कळलं. त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात त्यांच्याविरुद्धचा तक्रारअर्ज होता. चार घड्या घातलेला, स्वच्छ अक्षरात लिहिलेला. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "कुणाविरुद्ध म्हणता, सर?" मी नाव सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"नकाशेबाई? आवं सर, त्या परवा गेल्या की. सांगलीत, दवाखान्यात. तुमाला ठावं न्हाई?"

मी नाही म्हणालो. मागच्या माणसाला वाटलं माझं काम झालं. तो पुढं सरकला. मी बाजूला झालो आणि घरपट्टी वेळेत भरण्याविषयीची भिंतीवरची सूचना वाचू लागलो. तीन वेळा वाचली. तिच्यातला एकही शब्द आज आठवत नाही.

मी वाचणारा माणूस आहे, लिहिणारा नाही. हायस्कूलच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. पण तो अर्ज मी एका बैठकीत लिहिला होता, एकही शब्द न खोडता. जो माणूस रागात इतकं नीट लिहू शकतो त्यानं हेही लिहायला हवं, असं वाटतं म्हणून लिहितो आहे. हळूहळू लिहितो आहे.

आमचं गाव साताऱ्यापासून तासाभरावर. नगरपालिका आहे, म्हणून त्याला शहर म्हणायचं. या गावात घराचे नकाशे काढून बांधकामाची परवानगी आणून देणारे तीन-चार जण आहेत. बाकीच्यांच्या दारावर पाट्या आहेत. शालनबाईंच्या दारावर पाटी नव्हती. भुसार बाजाराच्या मागं दोन खोल्यांत त्या राहत. सगळं गाव त्यांना नकाशेबाई म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. साडीखाली कॅनव्हासचे बूट. खांद्याला हातभर लांबीचा, नळाला वापरतात तसला प्लास्टिकचा पाइप, दोन्ही तोंडांना बूच लावलेला. त्यात नकाशांच्या गुंडाळ्या असत. नवखा माणूस त्यांना नळ दुरुस्त करायला आलेली बाई समजे आणि मोरीकडं बोट दाखवी. त्या न बोलता मोरीकडं जात, कारण त्यांना जायचं तिथंच असे.

माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढपाळाच्या घरातलं. तिकडची बोली त्यांनी कधी सोडली नाही. साहेबांपुढंही "व्हय" आणि "न्हाई"च. कनवटीला भाजलेल्या शेंगा असत. खिडकीवर कितीही गर्दी असली तरी आधी मूठभर शेंगा आत सरकवत आणि म्हणत, "खावा. मग भांडू."

त्यांच्याकडं जायची वेळ आली ती माझ्या बायकोमुळं. आमची न्हाणी परसात होती. घरातून दोन पायऱ्या उतरून जायचं. त्या पायऱ्यांवरून नलिनी पडली आणि तिचा खुबा मोडला. सांगलीत ऑपरेशन झालं. तिथंच मुलीकडं ती राहिली. महिन्याभरात वॉकर धरून चालायला लागली, पण घरी येईना. फोनवर एकदाच म्हणाली, "अहो, इथं मुलगी मला आंघोळ घालते. तिथं येऊन तुम्ही घालणार. मला माझ्या हातानं आंघोळ करता येईल तेव्हाच मी येते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. नलिनी एक गोष्ट दोनदा सांगणारी बाई नाही.

तेव्हा झोपायच्या खोलीला लागून परसाच्या बाजूला, एकाच पातळीवर, नवी न्हाणी आणि संडास बांधायचं ठरलं. संपत गवंडी म्हणाला, "परवानगी कशाला, सर? न्हाणीच तर हाय." मी मात्र आयुष्यभर पुस्तक परत आल्यावर शिक्का मारणारा माणूस. मी शालनबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "नुसती फरशी बदलली तर कुणी इचारत न्हाई. भिंत हालली की कागूद लागतो. तुमची भिंत हालतीया."

पहिल्या दिवशी त्या आल्या आणि टेप पाइपातून बाहेरच काढली नाही. जुन्या न्हाणीत गेल्या, बादली पालथी घातली आणि मला म्हणाल्या, "बसा, सर."

"मी?"

"काकू सांगलीत हायत नव्हं? मग तुमी काकू. बसा. आता आंघोळ करून दावा."

मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट. संपत दारात उभा राहून हसत होता. मी बसलो.

"पाणी कोणत्या हातानं घेतात?"

"उजव्या... असाव्यात."

"असाव्यात? बरं. लुगडं कुठं ठेवतात?"

खुंटीकडं बोट दाखवलं. शालनबाईंनी खुंटी बघितली, मग माझी उंची बघितली. "ही तुमच्या उंचीची हाय. काकू केवढ्या हायत?"

मी हात छातीपाशी नेला. त्यांनी अजून चार-पाच गोष्टी विचारल्या. मला एकही सांगता आली नाही. उठताना मी नळाला धरलं, तर तो हातात हलला. शालनबाईंनी खडूनं भिंतीवर तिथं एक छोटी फुली केली.

"मोजायचं न्हाई का?" संपतनं विचारलं.

"काय मोजू? माणूसच न्हाई हितं. मी हप्त्याला सांगलीला जातीच. काकूंना भेटून येते, मग मोजते."

हप्त्याला सांगलीला कशासाठी, हे मी विचारलं नाही.

त्यांच्या या सवयीच्या गोष्टी गावात पुष्कळ होत्या. आमच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी न्हाणीला आरशासारखी गुळगुळीत फरशी आणली होती. घरात ऐंशीची आई. परवानगीच्या नकाशाचा फरशीशी संबंध नसतो, पण शालनबाईंनी तांब्याभर पाणी त्या फरशीच्या खोक्यातल्या चार तुकड्यांवर ओतलं आणि म्हणाल्या, "साहेब, अनवाणी या. परेड करा."

"बाई, तुम्ही नकाशा काढा. फरशीचं मी बघतो."

"दोन पावलं टाका की. सीमेवर उभं ऱ्हायलासा, न्हाणीत काय भ्यायचं?"

सुभेदारांनी डावा पाय टाकला, उजवा टाकला, आणि मिशीसकट खाली बसले. बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. सुभेदार लालबुंद होऊन म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात येऊ नका." संध्याकाळी खोकी टेम्पोत चढली आणि दुसऱ्या दिवशी खडबडीत फरशी आली. शालनबाईंना बोलावणंही आलं. त्या गेल्या, आणि म्हातारीला नव्या फरशीवर चालवून मगच नकाशा पुरा केला.

नकाशाच्याही त्यांच्या तऱ्हा होत्या. त्या प्रत्येक न्हाणीत शिसपेन्सिलीनं एक माणूस काढीत. त्या घरातला माणूस. वाकलेला असला तर वाकलेला, काठी असली तर काठीसकट. बांधकाम विभागातल्या साहेबांनी एकदा हटकलं, "बाई, नकाशात माणूस काढायचा नसतो. भिंती, दारं, खिडक्या, निचरा. बस."

"साहेब, माणूस न काढता काढलेली न्हाणी म्हंजे नुसता हौद."

"असेल. पण नियमात बसत नाही."

त्यानंतर त्या माणूस अगदी फिका काढीत आणि अर्ज द्यायच्या आधी खोडरबरानं पुसून टाकीत. हल्ली अर्ज संगणकावरून जातो, पण त्यांचं चालूच होतं. "संगणकाला फकस्त चौकोन कळतो, सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्याला वाटतं चौकोनच आंघोळ करतोय."

आणि त्यांची टेप. पोलादी, पिवळी, पुढचं टोक तुटलेली. पहिले दहा सेंटिमीटर नव्हतेच. त्या भिंतीला दहाचा आकडा टेकवत, दुसरीकडं जो आकडा येईल त्यातून दहा वजा करत आणि लिहीत. मी म्हणालो, "नवी का घेत नाही?"

"हाय की, घरात हाय. पर हाताला वजा करायची सवय झालीया. नव्या टेपनं मोजलं तर त्यातनंबी दहा वजा करून बसीन. टेप खरी आन् मी खोटी."

आठवड्यानं त्या एका दुपारी आल्या. एसटीतून उतरून थेट आल्या होत्या. चेहरा उतरलेला दिसला, पण मार्चचं ऊन होतं, मला वाटलं, उन्हामुळं असेल. त्यांनी वहीचं एक पान काढलं. "काकूंना भेटले. चांगल्या हायत. ल्हितल्यालं वाचून दावू?"

मी मान हलवली. त्या वाचू लागल्या. आवाजात चढ नाही, उतार नाही. घरपट्टीची पावती वाचावी तसं.

न्हाणीच्या दाराची कडी बरीच वर्षं लागत नाही. सरांना दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. आंघोळ करताना काकू एका पायानं दार धरून ठेवतात. खुंटीला हात पोचत नाही म्हणून साडी गळ्याभोवती गुंडाळून ठेवतात. बहुतेक वेळा भिजते. बोळाकडच्या खिडकीची वरची काच पारदर्शक आहे, म्हणून लग्न होऊन आल्यापासून उजाडायच्या आत आंघोळ उरकतात. उठताना नळ धरतात. नळ हलतो हे त्यांना माहीत आहे. कोणत्या बाजूला हलतो तेही माहीत आहे.

"डाव्या हातानं पाणी घेतात," शालनबाईंनी शेवटी सांगितलं. "उजवा दारावर असतोय, पाय दमला की."

मी खुर्चीवर बसलो होतो. शाळेच्या ग्रंथालयात पाचवीच्या पोरांचा हात पोचावा म्हणून मी सगळी गोष्टींची पुस्तकं खालच्या फळीवर आणली होती. मुख्याध्यापकांशी त्यावरून भांडलो होतो. आणि घरात छत्तीस वर्षं एक बाई साडी गळ्याभोवती गुंडाळून आंघोळ करत होती. मी त्याच न्हाणीत रोज जात होतो. कडी मलाही लागत नसे; मला तिची गरजच पडली नव्हती.

"मला कधी बोलली नाही," एवढंच म्हणालो.

"दोनदा बोलल्या की, सर," शालनबाई म्हणाल्या आणि परसात मोजायला गेल्या. त्या काय मोजत होत्या ते मी बघितलं नाही. मला तेव्हा काही बघता येत नव्हतं. आता वाटतं, त्या दुपारी परसात आणि घरात मिळून एकही माणूस शुद्धीवर नव्हता.

परवानगी लवकर आली. मी नलिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाडव्याला मी घरी?" मी हो म्हणालो. संपतनं परस साफ केला. खोदायच्या दिवशी शालनबाई कुणाकडून तरी मागून आणलेला वॉकर घेऊन आल्या. त्यांनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर न्हाणी आखली, दार आखलं, आणि स्वतः वॉकर धरून त्या आखलेल्या दारातून आत शिरल्या. वळायला गेल्या. वॉकरचा एक पाय रेषेच्या बाहेर गेला. पुन्हा वळल्या. पुन्हा बाहेर गेला.

त्यांनी वॉकर बाजूला ठेवला. मग टेप काढून परसाची रुंदी पुन्हा मोजली आणि नकाशातल्या आकड्याशी ताडून बघितली.

"दहा कमी," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत एकदा, माझ्या घरी, त्या दहा वजा करायला विसरल्या होत्या. कागदावर परस होता त्यापेक्षा दहा सेंटिमीटर रुंद झाला होता. शेजाऱ्याच्या भिंतीपासून सोडायची जागा सोडली की न्हाणी तेवढीच अरुंद होत होती.

संपत म्हणाला, "आवं बाई, दहा सेंटिमीटर! आतनं गिलावा पातळ मारतो. न्हाईतर तिकडच्या अंगाला हाणतो दहा. कोण बघाय येतंय? चालतंय की."

"दार इकडच्या भिंतीत घ्यावं लागंल. सगळंच फिरतंय. संपत, आज खोदायचं न्हाई."

त्या गेल्या. मला वाटलं, एखाद्या दिवसाचा प्रश्न असेल. दुसऱ्या दिवशी खिडकीवर गेलो तर कारकून माझ्याकडं बघतच राहिला. "सर, तुमची परवानगी रद्द करा म्हणून बाईंनीच पत्र दिलंय. 'माप माझ्या चुकीनं जास्त दाखवलं आहे' असं स्वतः लिहून. मी हितं इतकी वर्षं हाय, असलं पत्र पहिल्यांदा बघतोय. आता नवा नकाशा, नवा अर्ज. शेजाऱ्याची ना-हरकतबी परत."

शेजाऱ्याचं घर ज्याच्या नावावर होतं तो मुलगा फौजेत, दूर कुठं तरी. पहिल्या वेळी तो सुट्टीवर आलेला सापडला होता.

शालनबाई तिथंच बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी कधी चारचौघांत आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला.

"तुम्हाला माझी बायको घरी यायला नको आहे का?"

"यावी म्हणूनच, सर."

"तीस वर्षं वजा केलंत, आणि माझ्याच घरी विसरलात?"

"व्हय. इसरले."

"मग आता घरी बसा. दुसऱ्यांच्या घरांची वाट लावण्यापेक्षा घरी बसा."

खिडकीवरचे सगळे वळून बघू लागले. शालनबाईंनी पदर सारखा केला. त्यांनी कारण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, अशी मी माझी समजूत घालत असतो. त्यांनी सांगितलं नाही. "उद्या येऊन परत मोजते," एवढंच म्हणाल्या.

पाडवा गेला. नलिनीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शालनबाईंना काही बोलला नाहीत ना?" मी नाही म्हणालो. छत्तीस वर्षांत मी तिच्याजवळ मारलेली ती पहिली मोठी थाप असेल. पुढं महिना गेला, दुसरा लागला. मुलीचा फोन आला, आई जेवत नाही, म्हणते मी आता इथंच मरणार. त्या दिवशी मी तो अर्ज लिहिला. या बाईंचा परवाना काढून घ्यावा, असं शेवटचं वाक्य होतं.

सूचना वाचून झाल्यावर कारकुनानं मला हाक मारली. "सर, आलाच हाय तर घेऊन जावा. तुमची परवानगी झालीया. फौजेतल्या पोराची सहीबी बाईंनीच मागवली, पोस्टानं. शेवटचं आल्या त्या तुमचाच कागूद द्यायला. हितं सही करा."

मी सही केली. ती माझी सही आहे असं मला ती बघून आजही वाटत नाही.

घरी येऊन नलिनीला फोन केला. मी सांगितल्यावर ती म्हणाली, "कधी?" आणि रडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला माहीत होतं हो. दर आठवड्याला शेक घ्यायला यायच्या इथल्या कॅन्सरच्या दवाखान्यात. शेक झाला की माझ्याकडं यायच्या. त्या दिवशी आपल्याकडं मोजायला आल्या ना, तेव्हा शेक घेऊन तशाच एसटीत बसल्या. उभं राहवत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, आज नका जाऊ. म्हणाल्या, काकू, तुमची आंघोळ अडलीया."

"मला का सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती. म्हणाल्या, सरांना कळलं तर ते दुसरा माणूस बघतील, आणि तो चौकोन काढून देईल."

न्हाणी बांधून झाली. संपतनं ती आखल्याप्रमाणे बांधली, एक बोटही इकडं-तिकडं नाही. दार डावीकडं आहे. खुंट्या नलिनीच्या खांद्याच्या उंचीवर आहेत. माझा टॉवेल तिथं जमिनीला टेकतो. धरायला भिंतीत दांडी आहे, डाव्या हाताला. नलिनी घरी आली त्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर आंघोळीला गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. मी दाराबाहेर उभा होतो. एकदा हाक मारली, तर आतून म्हणाली, "जा तिकडं. मला अजून वेळ आहे." आजवर मी तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

लोक विचारतात, शालनबाई शेवटच्या कुठं भेटल्या. खिडकीवर, असं मी सांगतो. ते खरं नाही. मी त्यांना घरी बसा म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सांगितल्याप्रमाणे मोजायला आल्या होत्या. संपत नव्हता. मी झोपायच्या खोलीत खिडकीशी पुस्तक उघडून बसलो होतो. त्यांनी परसातून हाक मारली, "सर, हायसा का?" मी ओ दिली नाही. खिडकी उघडी होती. मी बसलेला त्यांना दिसत होतो.

त्या जरा थांबल्या. मग टेप ताणून धरायला दुसरं कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी ढिगातली एक वीट आणली, टेपचं टोक भिंतीशी विटेखाली दाबलं आणि टेप सोडत दुसऱ्या भिंतीकडं निघाल्या. अर्ध्यात गेल्यावर वीट सरकली, टेप सुटली. त्या परत आल्या, खाली बसल्या, वीट नीट ठेवली. उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठल्या. पुन्हा सुटली. पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी दोन विटा ठेवल्या. माझ्या खुर्चीपासून परसाचं दार चार पावलांवर आहे.

मोजून झालं. आकडा लिहिला, त्याखाली वजाबाकी लिहिली, तीवर बोट ठेवून ती पुन्हा तपासली. दोन्ही विटा उचलून ढिगावर ठेवल्या, हात झटकले, पाइप खांद्याला लावला आणि खिडकीकडं बघून रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "सर, येते मी."

मी पान उलटलं.